अल्फियाचा वाघ

परतवाडा, मंगळवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. माझ्या चौथीच्या पोरांनी चित्रकथेतल्या संवादांवर कोरे कागद चिकटवून स्वतःचे संवाद लिहिले होते. अल्फियाचा वाघ म्हणत होता, "मले भूक नाई, मले एकट्याले करमून नाई राह्यलं." वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली पोर!

उद्या तपासणी, म्हणून मुख्याध्यापकांनी ते कागद पोरांनाच ओरबाडून काढायला लावले. कागदासोबत पानंही फाटली. वाघाचं अर्धं तोंडच गेलं. वर मुख्याध्यापक मलाच म्हणतात, "पाह्यलं मॅडम? म्हणून पुस्तकं कपाटात ठेवा लागते!"

फाडली कोणी? पोरांनी?

शाळा सुटताना अल्फिया तो फाटका वाघ घेऊन आली.

"मॅडम, तुमी काहून नाई बोलल्या?"