घंगाळातली चौघं

रवि., मार्ग. शु. ३

आले: बदकाची पिल्लं ४ – रु. ४००. त्यांचं खाद्य – रु. ६०. जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब – रु. ३० (काचीगुड्यात तीन दुकानं फिरून, नव्या पांढऱ्या बल्बांना ऊब नसते). खोकं वाण्याने फुकट दिलं.

सूनबाई केतकीने इराच्या वाढदिवसाला आणली. ह्यांना विचारलं, कशाला हा खर्च? तर म्हणाले, "अंडी तरी देतील." म्हटलं, "ह्या घरात?"

इराने नावं माझ्या फोडणीच्या डब्यातून काढली. मेथी, मोहरी, जिरं, आणि सगळ्यांत लहान तो ओवा. ओवा मागे राहतो, मग धावत येतो, मग पडतो.

पोहणार कधी? केतकी म्हणाली, "पुढच्या रविवारी, मला सुट्टी आहे. तोवर पाणी फक्त प्यायला, आई." मी हो म्हटलं. इराने माझ्याकडून पुन्हा वेगळं 'प्रॉमिस' घेतलं. पाण्यात सोडताना तिला स्वतः बघायचंय.

मंगळ., शु. ५

पाण्याची वाटी भरली की पाच मिनिटांत सांडतात, मग त्याच चिखलात बसतात. वास! खोलीभर. वर्तमानपत्रं संपली, शेजारच्या शमीमआपांकडून मागून आणली.

तुळशीला पाणी घालायला निघाले तर चौघं रांगेने मागे. आपा भिंतीवरून हसतात, "अम्मा, तुमकूच माँ समझ लिए ये लोगां!"

गुरुवारी हळदीकुंकू. सात सवाष्णी यायच्या, आणि दारातच हा वास. काहीतरी करायला हवं.

गुरु., शु. ७, दुपारी

अक्षर वाकडं येतंय.

इरा शाळेत गेली आणि चौघांना न्हाऊ घातलं. बाळाला घालतात तसंच. डाळीचं पीठ, चिमूट हळद, कोमट पाणी. वास जाईना म्हणून अंगाचा साबण लावला. मग खळबळून निघावीत म्हणून घंगाळात सोडली. आधी इतकी छान पाय मारत होती, वाटलं, अगं ही तर पोहायलाच लागली. मग बघते तर हळूहळू खाली चाललीत. पिसं ओल्या कापसासारखी झालेली. ओव्याची चोच तेवढी वर, मग तीही

उचलला. गार. मान धरेना. पूजेची साडी नेसले होते, तशीच पदरात गुंडाळला नि ओरडले. आपा मागच्या दाराने धावत आल्या.

"साबुन लगाये? अम्मा! पराँ में तेल रहता उनके, उसके ऊपर तैरते. धो डाले तुम!"

तेल म्हटल्यावर मी खोबरेलाची बाटली घेऊन आले.

"नक्को! तेल लगा के तलते क्या अब?"

तशातही हसू आलं, आणि लगेच रडू. गरम पाण्याची पिशवी आपांनी दिली. शेगडी पेटवली. बाकीची तिघं बल्बखाली थरथरतायत, पण डोळे उघडे आहेत. ओव्याचे मिटलेले. चारला इरा येईल. दत्तगुरू, माझ्या हातून

शुक्र., शु. ८

ओवा जेवला. भिजवलेले दाणे, माझ्या तळहातावरून.

काल घट मांडला, कहाणी वाचली, सगळं ओवा पदरात ठेवून. मध्येच तो ची करून ओरडला. देशपांडे वहिनी म्हणाल्या, "काय हो, ओटीत काय?" सांगितलं. सगळ्या वाकून बघायला लागल्या, कहाणी तिथेच राहिली. मी मात्र त्या एका 'ची'साठी देवीला मनात दहादा नमस्कार केला. सोवळ्याचं तिचं ती बघेल.

इरा बोलत नाही. काल दारातून बघून एवढंच म्हणाली, "आजी, यू प्रॉमिस्ड." आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आज डबा नेला, उघडला नाही. भेंडीची भाजी होती, तिच्या आवडीची.

रवि., शु. १०

आज पोहायचं होतं. नाही. आपा म्हणतात, तेल परत येऊ द्या, त्यांचं ते लावून घेतात. खरंच, शेपटीच्या बुडाशी चोच घासायची आणि ती पिसांवरून फिरवायची, दिवसभर तोच उद्योग. तिथे देवाने तेलाची डबी दिलेली आहे आणि मी चाललेय डाळीचं पीठ लावायला.

ह्यांनी युक्ती काढली. पाठीवर पाण्याचा थेंब सोडायचा. मुरला तर थांबायचं, घरंगळला तर तेल आलं. इराने चौघांवर सोडून पाहिला. चारही मुरले. मी ताट वाढत होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मुरला." माझ्याशीच बोलली बहुतेक. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

शुक्र., पौर्णिमा. दत्तजयंती

पाळणा झाला. सुंठवडा वाटला.

मेथी, मोहरी, जिरं, तिघांचा थेंब घरंगळला! ओव्याचा मुरतो. केतकी म्हणाली, "तिघांना तरी सोडू या का रविवारी?" इरा म्हणाली, "ओवा बघत बसेल. नको." मला बरं वाटलं.

रवि., वद्य २

सकाळी ओव्याच्या पाठीवर थेंब टाकला. क्षणभर थांबला. घसरला.

उन्हात घंगाळ ठेवलं. पाणी कोमट, कोपर बुडवून पाहिलं. बाहेर यायला आत वीट ठेवली. तिघांना इराने सोडलं. पडल्या पडल्या गोल गोल फिरायला लागली, एक तर बुडी मारून पलीकडे निघालं. केतकी मोबाइलवर घेत होती. हे म्हणाले, "साठ वर्षांत मला हे जमलं नाही."

मग इरा म्हणाली, "ओव्याला तू सोड, आजी."

नको म्हटलं. माझ्या हातांचा मला भरवसा नाही.

"तूच सोड."

पोटाखाली तळवा धरून पाण्यात ठेवला. तो पाय मारतोय आणि माझा हात काही निघत नाही.

"हात काढ ना आता!"

काढला. तरंगला. तेलातली वात राहते तसा, हलकाच, मान वर. बाकीच्यांच्या मागे राहिला, मग धावत गेला. पाण्यातही धावतोच.

थोड्या वेळाने बाहेर काढली. ओव्याच्या पोटाखाली बोट घालून पाहिलं. कोरडं.

इराने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मी देवापुढे बसले तर काय मागायचं ते आठवेना. तशीच उठले.

बुध., पौष शु. ५

घंगाळात आता दोघंच मावतात, तेही भांडत. पांढरी पिसं फुटलीत. गल्लीभर आवाज. केतकी म्हणते, तलावावर सोडू. तिथे एक दिवस तरी टिकतील का? आपांना विचारलं तर त्यांनी कानाला हात लावले. "मेरे कू नक्को अम्मा. मेरे घर में सब खानेवाले हैं."

आक्काचं शेत नांदेडकडे, शेततळं आहे. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. इरा म्हणते, तिघांना ने, ओवा राहू दे. एकटा कसा राहील? ते ठरायचंय. मजकूर इथे उतरवून ठेवते.

"ती. आक्कास सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. इराची चार बदकं आहेत. घंगाळात पोहायला शिकली, आता त्यांना तळं हवं. संक्रांत झाली की आणून सोडावीत असं मनात आहे. खायला फार लागत नाही, उरलेलं दाणापाणी चालतं. सर्वांत लहान आहे त्याला थंडीत जरा जपावं लागतं. त्याला साबण लावू नये.

एक विचारायचं होतं, रागावू नकोस. तुझ्या धाकट्याच्या गळ्यात तुळशीची माळ अजून आहे ना? मागे लग्नात त्याचा शर्ट वरपर्यंत बंद होता, दिसली नाही. इरा रोज विचारते, मी सांगते, आहे. तरी खात्री करून उलट टपाली कळव. तोवर चौघं इथेच आहेत."