नको म्हटलेला नमुना

तीर्थरूप मामांच्या चरणी,

बाह्या कोपरापर्यंत वर करून, दोन्ही तळहात उघडे दाखवून केलेला नमस्कार पोहोचावा. (हात रिकामे असल्याची खात्री पटली असेल तरच पुढे वाचा.) तुमचे गुडघे कसे आहेत? गोळ्या वेळेवर घेतो, असं तुम्ही लिहिलंत; पण गोळी जिभेखाली दडवून वर पाणी पिण्याचं कसब ज्या माणसाने मला शिकवलं, त्याच्या या वाक्यावर मी कसा विश्वास ठेवू? मामींना म्हणावं, तोंड उघडून बघत जा. तुमच्या मागच्या पत्राच्या पाकिटाचा डिंक मला जरा ताजा वाटला, म्हणून मी पोस्टमनकडे नुसतं रोखून पाहिलं. तेव्हापासून तो बिचारा आमचं टपाल शेजाऱ्यांकडे टाकून जातो. बाकी इकडे सगळ्यांची तब्येत बरी आहे.

आता मुद्द्याचं. मामा, तुम्ही दिलेली विद्या गुंडाळून मला रंगाच्या दुकानात बसावं लागेल, अशी वेळ आली आहे. हल्ली जादूचे प्रयोग लावतो कोण? पूर्वी शाळांची संमेलनं असायची, कारखान्यांचे मेळावे असायचे, एखाद्या डॉक्टरच्या मुलाचा वाढदिवस असायचा. आता मी टोपीत हात घालतो न घालतो तोच पुढच्या रांगेतलं पोरगं शेजारच्याला सांगतं की हे कसं करतात ते त्याने फोनवर पाहिलंय. (पाहिलं असेल, पण मला करू दे की!) तेव्हा हिने फर्मान काढलं. शाळांना सुट्ट्या लागेपर्यंत चार कामं आली तर ठीक, नाहीतर हिच्या भावाच्या दुकानात बसायचं. मेव्हण्याने माझ्यासाठी स्टूल मोकळं ठेवलंय, असं तो भेटेल तिथे सांगतो. मी ते स्टूल गुपचूप पाहून आलो. त्याला पाठ नाही आणि मागे दार आहे. आपल्या धंद्यातल्या माणसाने पाठीमागे उघडं दार ठेवून दिवसभर बसायचं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

कामं यावीत म्हणून वेबसाइट करायची, हीही कल्पना हिचीच. म्हणजे आपण काय करतो ते लोकांना घरबसल्या दिसतं आणि ते आपल्याला बोलावतात. ऐकायला चांगलं आहे. पण ती बनवणार कोण, तर त्याच मेव्हण्याची मुलगी! ती या कामाचं शिकली आहे, लोकांना अशा वेबसाइट करून देते, मला लाडाने ‘आतोबा’ म्हणते. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. ज्याचं स्टूल रिकामं आहे त्याचीच मुलगी मला प्रयोग मिळवून देणार? बापाचा तोटा करून? मी हसून ‘वा वा’ म्हटलं आणि मनात म्हटलं, हात नीट बघायचे.

ती आली, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आणि तिने मला तीन नमुने दाखवले. पहिल्यात फुगे वर जात होते, चांदण्या खाली पडत होत्या आणि एक ससा पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. (मला ससा चावल्याला वर्षं झाली, पण मन साफ होत नाही.) दुसरा पांढरा स्वच्छ होता, मधे माझा मोठा फोटो, खाली फोन नंबर आणि ‘कार्यक्रम ठरवा’ असं ठळक बटण. तिसरा तिने दाखवला कुठे? काळ्या मखमलीसारखा पडदा, सोनेरी अक्षरं आणि एका किल्लीच्या भोकातून बघणारा डोळा, इतकं दिसतंय तोवर तिने तो झटकन पुढे सारला. म्हणाली, हा नको, चुकून आला, दुसऱ्याच कामासाठी बनवला होता. आणि परत मागे येऊन दुसऱ्या नमुन्यावर बोट ठेवलं. वर म्हणते कशी, आतोबा, तुम्ही म्हणाल तसं, निवड तुमची!

निवड तुमची! मामा, हे शब्द ऐकल्यावर माझे कान टवकारले गेले नसते तर तुम्ही मला भाचा म्हणून ओळख दिली नसती. आयुष्यभर मी दुसरं काय करत आलो? पत्ते पंख्यासारखे पसरायचे, समोरच्याला म्हणायचं हवा तो उचला, आणि आपल्याला हवा तोच पत्ता त्याच्या बोटांखाली असा अलगद सरकवायचा की मरेपर्यंत त्याला वाटावं, आपणच निवडला. पत्ता गळ्यात मारण्याचं हे तंत्र तुम्ही मला महिनाभर आरशासमोर उभं करून शिकवलंत. मधला पुढे करायचा, त्यावर क्षणभर जास्त रेंगाळायचं, नको तो घाईने झाकायचा. पोरीने एक पायरी गाळली नाही. एवढीशी मुलगी आणि माझ्यावर डाव टाकते! मी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हटलं, तिसरा.

तिने समजावलं. हिने समजावलं. पोरगी तर रडकुंडीला आली आणि जितकी ती नको म्हणाली तितका मी खूश झालो, कारण डाव फसला की माणूस असंच करतो. पुढे काय काय घालायचं यावरही मी तिला चकवलं. प्रयोगाचे फोटो हवेत म्हणाली. प्रयोगाचे फोटो देऊन माझ्या बाह्या जगाला दाखवू? चलचित्र तर नाहीच, आपल्या धंद्यातले चोर ते हळूहळू चालवून बघतात. तुमचा फोटो तरी द्या म्हणाली. दिला, पण हात खिशात असलेला. मजकूर मी स्वतः लिहिला, तो जसाच्या तसा कळवतो: ‘डोळ्यांदेखत वस्तू नाहीशा होतात? कोण करतं, कसं करतं, कुणालाच कळत नाही? मला कळतं. एकदा बोलवा.’ त्यात जादू हा शब्द मुद्दाम घातला नाही. जो स्वतःला जादूगार म्हणवतो त्याच्याकडे लोक संशयाने बघतात, असं तुम्हीच म्हणायचात.

फोन यायला लागले हे मात्र खरं. पण मामा, माणसं विचित्र. एकाने विचारलं, भागीदार रोज दुपारी कुठे जातो ते सांगाल का? मी म्हटलं, समोर बसवा, मनातलं ओळखतो. त्याने फोन ठेवला. एका बाईंनी कुजबुजत विचारलं की तुम्ही येता तेव्हा लोकांना दिसता का. मी अभिमानाने सांगितलं, सुरुवातीला दिसतो. मग एका हॉटेलमालकाचा फोन आला. त्यांच्याकडे चांगले चमचे नाहीसे होत होते. मी म्हटलं, अहो, माझ्याकडेही होतात, तोच तर माझा गाजलेला प्रयोग! मागच्या दाराने या, कुणाला कळू देऊ नका, असं ते म्हणाले. मला वाटलं, नोकरमंडळींना अचानक आनंदाचा धक्का द्यायचा असेल. अशा मालकांची संख्या वाढो, असं म्हणून मी झगा, टोपी, घडीचं टेबल, सगळा संसार उचलून गेलो.

झग्यातला मला बघून मालक जरा चाचरले, पण वेषांतर असेल असं त्यांनी मानून घेतलं. मी म्हटलं, सगळ्यांना एकत्र बोलवा, प्रेक्षकांशिवाय मी काम करत नाही. आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया, सगळे स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभे राहिले. टेबल उघडण्याआधी वातावरण गरम करावं म्हणून मी चमच्यापासून सुरुवात केली. चमचा दाखवला, फुंकर मारली, नाहीसा केला. आता तो कुणाच्या तरी खिशातून काढायचा. तुमची शिकवण आठवली, जो हसत नाही त्याला धरावं. कोठीघराचा कारभारी अजिबात हसत नव्हता, उलट घामाने भिजला होता. मी त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि ओढला, तर मूठभर चमचे खळखळत जमिनीवर! मामा, माझा चमचा तर अजून माझ्या बाहीत होता.

टाळी एकच वाजली, मालकांची. कारभारी तिथेच मटकन खाली बसला आणि मालकांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, कमाल आहे, आल्या आल्या काम फत्ते! मी म्हटलं, हो, पण अजून दोरीचा आहे, अंड्याचा आहे, मग टोपीचा. ते म्हणाले, काही गरज नाही. मी टेबलाला हात लावलेलाच नव्हता. रस्ताभर ते डोक्यावर घेऊन परत आलो तेव्हा पहिल्यांदाच त्याचं वजन जाणवलं. घरी पोरीला सगळं सांगितलं, तेव्हा तिने डोळे पुसत (हसून हसून पाणी आलेले) खुलासा केला. तिसरा नमुना तिने एका खाजगी गुप्तहेरासाठी बनवला होता. आणि दुसऱ्यावर बोट का ठेवलं, असं मी दरडावून विचारलं तर म्हणाली, आतोबा, तो चांगला होता म्हणून. मामा, एखादी गोष्ट चांगली आहे म्हणून कुणी पुढे करतं, या शक्यतेची तुम्ही मला शिकवणीत कधी कल्पनाच दिली नाहीत!

आता हॉटेलमालकांनी वेबसाइटवर माझी तोंडभर स्तुती लिहिली आहे आणि फोन थांबत नाहीत. कुणाचा संशय बायकोवर, कुणाचा मुनीमावर, एकाचा तर पोपटावर. जादू दाखवा म्हणणारा एकही नाही. आणि काल मेव्हणा आला. त्याच्या दुकानातून ब्रश कमी होतायत म्हणे. तेव्हा मी रोज येऊन डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं, बसायला स्टूल आहेच. म्हणजे ज्या जागेपासून पळत होतो तिथेच मला मानाने बोलावलं आहे आणि नाही म्हणायला तोंड नाही, कारण कामं तर आलीच! हिने टेबल उघडलंच नाही वाटतं, एवढंच विचारलं आणि ते पुसून कपाटामागे ठेवलं. तेव्हापासून ही आणि भाची सारख्या कुजबुजतात, मी गेलो की गप्प होतात. काहीतरी शिजतंय. मला फार वाईट वाटतं, मामा. जादूशिवाय दुसरं मला काही येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही.

असो. मामींना नमस्कार. पत्र वाचून झालं की फाडा, आणि फाडलेलं पुन्हा जोडून दाखवू नका.

तुमचा,
सदैव सावध भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. वेबसाइटवरच्या नंबरावर एक फोन कराल का? अनोळखी गृहस्थ म्हणून, आवाज बदलून. जादूचा प्रयोग हवा आहे, चमच्यांचं वगैरे काही नको, असं स्पष्ट म्हणा. फोन जेवणाच्या वेळी करा, म्हणजे हिला ऐकू जाईल. असा एक जरी फोन आला तरी स्टुलाचं थोडं पुढे ढकलता येईल. मधे खोकू नका, ही तुमचा खोकला ओळखते.

ता. ता. क. वरचं लिहून पाकीट शोधत होतो तेवढ्यात फोन आला. कुणी बाई होत्या, तोंडावर पदर धरून बोलत असाव्यात. जादूचा प्रयोग हवा आहे म्हणाल्या, पूर्ण, टोपीपर्यंत. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली आणि तीच शिट्टी आमच्या स्वयंपाकघरातही झाली. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, यजमानांसाठी. त्यांना जादू आवडते का? फार, म्हणाल्या, दुसरं काही त्यांना आवडतच नाही. मामा, आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचे हात बघितले नाहीत. येतो म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हा तुम्ही फोन करू नका. गुडघ्यांना जमेल तेव्हा निघून या आणि पुढच्या रांगेत बसा. बाईंना मी पत्ता विचारला नाही, पण तुम्हाला तो माहीत आहे.