थोरली पाती

२ जानेवारी १९५५
संकल्प: यंदा शेवरवाडीला जायचंच. सातारा जिल्हा, कृष्णाकाठ, आपलं मूळ गाव. आमचे मूळ पुरुष भोसल्यांच्या फौजेबरोबर कारकून म्हणून नागपूरला आले, त्याला दोनशे वर्षं झाली. तेव्हापासून घरातलं कुणी परत गेलं नाही. रजा मिळाली नसावी.

४ जानेवारी
भाऊबंदांना पत्र टाकलं. नावं माहीत नाहीत, म्हणून 'आमच्या घराण्यातील जो कोणी वडीलधारा असेल त्यास' असा पत्ता. चैत्रात कुलस्वामिनीच्या उत्सवाला सहकुटुंब येतो, असं कळवलं. वेशीवर वाजंत्री वगैरे नको, हेही आधीच लिहिलं.

२९ जानेवारी
उत्तर नाही. गहिवरले असतील.
शेजारचे नत्थूजी कोष्टी विचारत होते, तिथं तुमाले वयखते कोन? ह्यांच्या चार पिढ्या इथेच मागावर बसल्या. ओळख नसली तरी ओढ असते, ते ह्यांना कसं कळणार?

१२ फेब्रुवारी
उत्तर आलं. अनंतराव म्हणून चुलतघराण्यातले आहेत. उन्हाळ्याचा प्रवास सोसत नाही, घाई करू नये, असं लिहितात. केवढी ही काळजी. शेवटी, आपल्याकडे घराण्याचे जुने कागद आहेत काय, अशी चौकशी. इतिहासाची आवड रक्तातच असते.

१३ फेब्रुवारी, रविवार
पेटीतला कागद काढून दिवसभर नक्कल केली. आमचे मूळ पुरुष तीन भावांतले थोरले, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे आम्ही थोरली पाती, घराण्याची मुख्य शाखा. त्या ओळीखाली लाल शाईच्या दोन रेघा मारल्या. त्यांना अभिमान वाटेल. सौ. म्हणाली, एवढी ओळ गाळा. बायकांना कागदपत्रांतलं समजत नाही. उद्या रजिस्टरनं पाठवतो.

५ मार्च
आजपासून घरात साताऱ्याकडची भाषा. सकाळी चहा मागताना 'मले' निसटलं. धरलं नाही.
रजेच्या अर्जात कारण लिहिलं: 'स्वगृही प्रयाण'. साहेबांनी विचारलं, मग सध्या राहता ते काय? नुसता हसलो.

१८ मार्च
अनंतरावांचं कार्ड: मी स्वतः येत आहे, तोवर निघू नये. न्यायला माणूस येतोय. ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. होल्डॉल बांधून ठेवला.

२७ मार्च, रविवार, सकाळी साडेदहा
अनंतराव आले. नाक थेट माझ्या बाबांचं.

दुपारी एक
जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक गावच्या वंशावळीची प्रत. तीन भावांतल्या थोरल्यापुढे एकच शब्द: निर्वंश. दोनदा वाचला. आत माझी तिन्ही मुलं भांडत होती. दुसरा स्टँप पेपर. शेवरवाडीच्या घराण्याशी माझा काही संबंध नाही, अशा मजकुराचा.
अनंतराव हात जोडून म्हणाले, "थोरल्याच्या वाट्याच्या जमिनीवर आमची चार घरं जगतात. थोरली पाती जिवंत निघाली तर आम्ही जायचं कुठं? लिहिलंय तसंच राहू द्या."
साक्षीदार म्हणून नत्थूजींना बोलावलं. ते कागद ऐकून माझ्याकडेच वळले. "जमीन सोडा पाहिजे तं, पन बाप काहून सोडून राहिले जी?"
जमीन मला नकोच होती. उत्सवात पंगतीला बसवून, हा आमचा, एवढं कुणी म्हणायला हवं होतं.

दुपारी चार
ड्राफ्ट फार कच्चा होता. अशा कागदावर सही करणं वीस वर्षांच्या नोकरीला शोभलं नसतं. सगळा पुन्हा लिहून दिला, पुढे कोणी शंका घेऊ नये असा. 'मूळ राहणार' पुढची जागा मोकळी होती, तिथं नागपूर भरलं. सही केली. अनंतराव म्हणाले, असं अक्षर आमच्या तालुक्यात नाही.
निघताना ते माझ्या पाया पडले. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी मागे सरलो, तर म्हणाले, "थोरल्या पातीचा मान आहे. हे कागदाबाहेरचं."
मी आशीर्वाद दिला. ते गेल्यावर आत जाऊन रडलो.
उद्या ऑफिसात काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.