दोनशे बारा पाव, ओळ न् ओळ

२ मार्च, सोमवार
संकल्प: एआयने लिहिलेला कोड ओळ न् ओळ वाचल्याशिवाय स्वीकारायचा नाही. कालिना मावशींच्या बेकरीचं काम घेतलंय. ईस्टरच्या आदल्या शनिवारी गिऱ्हाइकांना फोनवर आपोआप निरोप जाईल: तुमचा कोझुनाक तयार आहे, घेऊन जा. बेकरी वर्षभर तग धरते ती या गोड पावाच्या एका शनिवारावर. मी शब्द दिला, म्हणून मावशींनी गिऱ्हाइकांच्या नोंदींची तीस वर्षांची वही माळ्यावर टाकली.

४ मार्च
साठ ओळी वाचल्या. निर्दोष. इतकं नेटकं लिहिणाऱ्याच्या उरलेल्या चारशे ओळींवर संशय घेणं प्रशस्त वाटेना.

५ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या बोर्यानाने विचारलं, सगळं वाचलंस ना? मी हो म्हटलं. हे खोटं ठरतं का, यावर घरी येईपर्यंत विचार केला. ठरत नाही. नजर फिरवली होती.

१२ मार्च
चाचणी. गेल्या वर्षीचा ईस्टर काढायला लावला. २० एप्रिल. बरोबर. मन खाऊ लागलं म्हणून गेल्या वर्षीचाच पुन्हा काढायला लावला. पुन्हा बरोबर. माझा काटेकोरपणा मलाच जाचतो.

१३ मार्च
शेवटी एआयने काहीतरी लांबलचक विचारलं. ‘हो, ठीक’ असं लिहिलं. काम फत्ते.

४ एप्रिल, शनिवार, सकाळी ७.१०
मावशींचा फोन. दुकानापुढे रांग. दोनशे बारा निरोप गेलेत. आपला ईस्टर पुढच्या रविवारी. भट्टीत एकही कोझुनाक नाही. रांगेतले एक आजोबा विचारतायत, ईस्टरपर्यंतचा उपास आजच सोडायचा का. मी म्हटलं, फोन कंपनीचा घोळ असणार.

११.४०
एआयचा प्रश्न वाचला. ‘कॅथलिक ईस्टर धरला आहे. ऑर्थोडॉक्सांचा वेगळा असतो. हाच ठेवू का?’ आपण ऑर्थोडॉक्स. गेल्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी आले होते. म्हणजे दोष गेल्या वर्षाचा.
(हे वाक्य खोडावं का? राहू दे.)

५ एप्रिल, रविवार
आज फुलाझाडांची नावं असणाऱ्यांचा सण. यावोर हे झाडाचं नाव, कालिना हेही; म्हणजे सण माझाही, मावशींचाही. या सणाला लोक आमंत्रणाची वाट न पाहता घरी येतात. मावशी आल्या. रांगेतल्या नऊ जणांनी समोरच्या बेकरीत नाव दिलं म्हणाल्या. मी पुढे केलेल्या वाइनला त्यांनी हात लावला नाही.
“मशीनला आपला ईस्टर ठाऊक नाही, समजू शकते. तुला नव्हता रे ठाऊक?”
मग पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली.

११ एप्रिल, शनिवार, पहाटे ५.३०
बेकरी. स्टूल, वही, पेन्सिल. नावं वाचायची, फोन लावायचे, पाव बांधायचे. दोनशे तीन. समोरच्या बेकरीत गेलेले नऊ जण परतलेले नाहीत. या वेळी ओळ न् ओळ वाचतोय. मुळात माझी पद्धत हीच.

९.१५
बोर्याना आली. तिचा पाव हातात दिला. तिने विचारलं, “माझी ओळ पूर्ण वाचलीस?”
मी हो म्हटलं.
तिने कागद सोडून पाव मोडला आणि एक मनुका काढून माझ्या वहीवर ठेवली. तिच्या नावापुढेच. तिथे मावशींच्या अक्षरात लिहिलं होतं: मनुका नकोत.