एक बोट तूट

बाबा,

तुमच्या उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या बोटाची जाडी मला आठवत नाही. बाकी सगळं आठवतं. तुमच्या घोंगडीचा वास आठवतो, खाडीकडून घरी येताना बैलांना घातलेली शीळ आठवते, जेवायला बसलात की आधी मिठाचा खडा जिभेवर ठेवून आपल्याच आगरातलं आहे की दुसऱ्याच्या, हे ओळखायचात तेही आठवतं. पण ज्या बोटाची आता गरज पडली ते काही डोळ्यांपुढे नीट येत नाही. पाण्याखालची वस्तू दिसावी तसं दिसतं, हात घातला की हलतं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही विचारलं नाही, आणि विचारतो आहे ते हे. म्हातारा झालो, चळलो, असं समजू नका. गाडीच्या चाकासाठी विचारतो आहे.

मुंबईची साथ कल्याणात आली. पलीकडच्या आळीत आधी उंदीर पडले आणि मग माणसं. विठ्ठलवाडीकडच्या माळावर लोक कुडाच्या झोपड्या घालून राहिले आहेत. ज्यांचे कोणी गावाकडे आहेत ते गावाकडे गेले. आपल्या घरी मी, तुमची थोरली लेक अक्का, माझा मुलगा, सून आणि त्यांची पाच पोरं. सुनेला नववा लागला आहे. तिचं माहेर मुरबाडच्या वाटेवर, तिथे आगगाडी जात नाही. ठाण्याला नातलगांकडे जावं म्हटलं तर स्टेशनावर डॉक्टर उभे, बायामाणसांच्यासुद्धा काखा चाचपतात, एकाचं अंग कोमट लागलं तर अख्ख्या घराला छावणीत नेतात. तिथे बाळंतपण कसं व्हायचं? तेव्हा राहिली तुमची गाडी. आगगाडी सुरू झाली आणि मिठाची भाडी बुडाली, त्या साली तुम्ही खटारा मोडून घरच्या माणसांसाठी केलेली ती लांब साट्याची, बांबूच्या छपराची गाडी. तिच्यात बसून आपण सगळे लग्नाला निघालो की पुढचा माणूस अर्ध्या वाटेवर पोचला तरी मागचा अजून घरीच, अशी लोक थट्टा करायचे. ती गोठ्यात उभी होती. माणसं बसतात तो साटा पक्का निघाला, चाकांचा आस पक्का निघाला. डाव्या चाकाची धाव मात्र पडायला आलेल्या दातासारखी हलत होती. बोटाने ढकलली की हलायची.

धावेचं शास्त्र मी तुम्हाला सांगावं हा उफराटा कारभार झाला. पण मला नीट समजलं आहे की नाही ते तरी तुम्ही ऐका, मी मुलांकडून पाठ म्हणून घेत असे तसं. चाकावरचा लोखंडी पट्टा म्हणजे धाव. ती चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान ठेवायची, विस्तवात तापवून फुगवायची, लाल असताना चाकावर घालायची आणि पाणी ओतायचं. निवताना ती आकसते आणि चाक मुठीत धरते. किती लहान ठेवायची, ती तूट. तूट कमी पडली तर उन्हात लाकूड सुकून धाव भर वाटेत निसटते. जास्त झाली तर चाक आतल्या आत आवळतं, आणि मग कुठे लाकूड पाणी प्यालं की फुगायला जागा नसते, आरे मोडतात. माणसं जितकी जास्त तितकं धावेने घट्ट धरायला हवं, हेही खरं. आता आमचा रस्ता बघा. शहाडपर्यंत आणि त्याच्याही पुढे चैत्राचं ऊन, सावली नावाला नाही. त्यानंतर नदीचा उतार, पाण्यातूनच पलीकडे जायचं, चाक निम्मं पाण्यात. गाडीत नववा लागलेली बाई. उन्हासाठी घट्ट हवी, पाण्यासाठी सैल हवी, आणि दोन्ही एकाच दिवशी.

तूट लोहार ठरवत नाही, ही तर आपल्याकडची रीत. विस्तव पेटायच्या आधी मालकाने चाकाला हात लावून तूट बोलायची आणि लोहाराने तेवढीच ठेवायची. दिवा गावच्या मिठागरांजवळचं लोहाराचं ते अंगण मला आता दिसतं आहे. गोवऱ्यांचं कडं धगधगतं आहे, तुम्ही लोखंडावर बोट आडवं ठेवता आणि म्हणता, "एक बोट." लोहार छिन्नीने बोटाच्या दोन्ही कडांना खूण करतो. मी घागर धरून उभा आहे. पंतोजींनी नुकत्याच आर्या शिकवल्या आहेत, त्यामुळे दिसेल त्याला मी उपमा देत सुटलो आहे. धाव लाल झाली तसा मी ओरडतो, "बाबा, बघा, मावळतीचा सूर्य!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "सूर्य बुडला तर उद्या उगवतो रं. चाक बुडलं तर मिठाचा चिखल. तोंड मीट न् पानी ओत." सगळं अंगण हसलं. मी रुसून दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही ठाण्याहून धोतराच्या सोग्यात गुंडाळून कवितांचं पुस्तक आणलंत. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पुस्तक उलटं धरून माझ्यापुढे केलंत. म्हणालात, "यात चाकावर कायतरी असंल ते वाचून दाव." मी सगळं पुस्तक चाळलं. फुलं होती, चंद्र होता, राजे होते, चाक नव्हतं. तसं सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मग लिवनाऱ्यानं बोजा वाह्यला नसंल." जन्मभर मी कविता शिकवल्या, पण नवी कविता हाती आली की आधी तुमचं हे वाक्य कानात वाजायचं.

काल लोहाराकडे गेलो. गावात एकच उरला आहे, त्याचाही भाता बांधून ठेवलेला.

"बोला मास्तर," तो म्हणाला.

मी चाकाला हात लावला आणि तुमच्यासारखं म्हणालो, "एक बोट."

"कुनाचं?"

"कुणाचं म्हणजे?"

"बापाचं म्हनत असाल तर तो मानूस मी बघितला नाय. तुमचं म्हनत असाल तर," त्याने माझं बोट धरून उजेडात फिरवलं, "हे खडूनं झिजलेलं. गाडीवाल्याच्या नि याच्यात चांगला जवाएवढा फरक. लोखंडाला तेवढा लई झाला."

"मग तूच सांग की, तुझा हात यात मुरलेला आहे."

"मला नका विचारू. मलाच कळंना झालंय. असा बोजा, असं ऊन नि लगेच पानी, अशा गाडीची धाव मी घातलीच नाय कधी. मी बोललो नि उतारात काय झालं तर? पोटुशी बाई हाय तुमची. सांजच्या आत येऊन बोला. उद्या मी नाय इथं."

घरी आलो. अक्का तांदळाचं गाठोडं बांधत होती. विचारलं, "अक्का, बाबांचं बोट केवढं होतं गं?"

"बारीक होतं," ती म्हणाली. विचारसुद्धा केला नाही.

"बारीक? अगं, ते धरून मी खाडीच्या बांधावरून चालायचो, माझी मूठ मिटायची नाही."

"तुझी मूठ केवढी होती रे? रांगायचं सोडून नुकता चालायला लागलेला तू. मी त्यांना शेवटची पेज भरवली आहे. पळीच्या दांड्यासारखी झाली होती बोटं."

"ते दुखण्यातलं झालं."

"मग? दुखण्यात काय बाप बदलतो?"

तिचंही खरं, माझंही खरं, आणि तिच्या आठवणीतल्या आणि माझ्या आठवणीतल्या बोटात अर्ध्या बोटाचं अंतर. दुपारी मी काय केलं ते ऐका. सुनेकडून कणकेचा गोळा मागून घेतला आणि ओट्यावर बसून बोटं वळत बसलो. एक जाड वळलं, वाटलं, हेच. दुसरं जरा बारीक वळून शेजारी ठेवलं, तर वाटलं, छे, हे. डोळे मिटून मुठीत धरून पाहिलं, बांधावरून चालल्यासारखं दोन पावलं टाकून पाहिली. नातवंडं भोवती जमली. "आजोबा बोटं करतायत! आजोबा, एक मला भाजून द्या!" धाकटीने खरोखरच एक उचलून तोंडात घातलं. मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो असेन. तिचा चेहरा बघवेना. एवढ्याशा कणकेसाठी! पण मला वाटलं होतं की तेच बरोबर होतं, आणि ते आता गेलं.

सांज व्हायला आली तसा परत गेलो. रस्त्याने चालताना जीव नुसता तुटत होता. एवढी वर्षं मी मुलांना वृत्तं शिकवली, लघु कुठे, गुरु कुठे, एक मात्रा कमी पडली तर कान लगेच सांगतो, ओळ लंगडते. इथे कान काही सांगेना. लोहाराच्या अंगणात विस्तव मांडून ठेवलेला होता, पेटवला नव्हता. मी चाकाला हात लावला आणि लोखंडावर माझंच बोट आडवं ठेवलं. तिथे दुसऱ्या कोणाचं बोट नव्हतं, बाबा. तुमचं नव्हतं, आणि अक्काच्या आठवणीतलं कापून आणता येत नव्हतं. "एवढं," मी म्हणालो. आवाज तुमच्यासारखा निघाला, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. लोहाराने खूण केली, काप घेतला, सांधा मारला. धाव लाल झाली, चिमट्यांनी उचलून चाकावर घातली, मुलाने आणि मी घागरी ओतल्या. वाफ वर गेली आणि त्या वाफेत चाकातून एक आवाज आला. कर्र. बारीकसा. लोहाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

"येतो आवाज," तो म्हणाला. "सांधे बसताना येतोच."

"नक्की ना?"

"येतो म्हनलं ना मास्तर."

आज पहाट फुटता फुटता गाडी भरली. अक्का, सून, पाच पोरं, भांडी, धान्य. मीही चढलो तर डावी बाजू कलली. तसा मी उतरलो. सून छपरातून वाकून म्हणाली, "मामंजी, तुम्ही येत नसाल तर मीही उतरते."

"उतर की. दोघांचं वजन एकदम कमी होईल, बैल आनंदाने उड्या मारतील."

ती हसली, आणि मग डोळ्याला पदर लावला. मुलगा कासरा धरून पुढे चालत होता. मी डाव्या चाकाच्या बाजूने चाललो. घट्ट धावेवर दगड मारला की ती घंटेसारखी वाजते, हे तुम्हीच शिकवलंत. वेशीपाशी मारला, ठण्ण वाजली. ओढ्यापाशी मारला, वाजली. शहाडला ऊन चांगलं चढलं होतं. तिथे मारला तेव्हा आवाज मला थोडा बसका वाटला. पुन्हा मारला. पुन्हा.

"अप्पा, पुरे," मुलगा म्हणाला. "तुमच्या दगडानेच ती सैल व्हायची."

"तुला कसा वाटला आवाज?"

"कालच्यासारखाच." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुम्ही परता आता. ऊन लागेल. उताराच्या पलीकडे गेलो की काय ते तिकडून गवत घेऊन येणाऱ्या गवतवाल्याबरोबर कळवतो."

परतताना मी धुळीतली चाकाची रेघ बघत आलो. रेघ स्वच्छ होती. एवढंच मला ठाऊक आहे.

त्यानंतर जेवलो नाही. आळीत माणूस नाही, कुत्रीसुद्धा कोणाच्या मागे निघून गेली. चुलीजवळ बसलो, तिथून उठलो. कविता म्हणून पाहिल्या. जन्मभर पाठ असलेल्या, त्यांचा दुसरा चरण आठवेना. देवापुढे बसलो तर मनात उताराचं पाणी. सून पाण्यात पाय टाकते आहे, पोरं खांद्यावर, अक्का शिव्या देते आहे, असं एकदा दिसायचं. एकदा ते पलीकडे चूल मांडून बसले आहेत, असं दिसायचं. मी दुसरं धरून ठेवायला जायचो आणि पहिलं यायचं. ऊन कलत आलं तसा दौत-कागद घेऊन बसलो आणि तुम्हाला हे लिहायला लागलो.

खरं ते सांगतो. ऊन कलत आलं त्याच वेळी गवतवाला आला. बैल सोडल्याचा आवाज आला, मग त्याने दारावर थाप मारली. "मास्तर! ओ मास्तर! हायसा का घरात?" वर्गाबाहेर उभं राहून कोणतं पोर पाठ करून आलं आहे आणि कोणतं नाही, हे मी नुसत्या आवाजावरून ओळखायचो. त्याच्या हाकेतून मला काही म्हणजे काही ओळखता आलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मी श्वास धरून बसलो. तो गेला नाही. ओट्यावर बसला आहे, मधूनमधून खोकतो. सांगावा सांगितल्याशिवाय जायचा नाही, सरळ माणूस आहे. आत कोणी आहे हे त्याला कळलंही असेल. बाबा, तुम्हाला काही विचारायला मी हे लिहायला बसलो नाही. दार उघडायचा धीर होईना, म्हणून बसलो.