कोल्हापूर ते औरंगाबाद, पाऊण तास

मुरगूड,
सोमवार, २२ जानेवारी २००७

आदरणीय व्याही पिराजीराव यांस,

हंबीररावाचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम (माझा गुडघा सोडून). तुमचं पोट आता काय म्हणतंय? विहीणबाईंना नमस्कार आणि जावईबापू राजवीर यांना आशीर्वाद.

पत्रास कारण जरा नाजूक आहे, म्हणून आधी बाकीचं सांगतो. आमच्या आक्काचा नेम तुम्हाला ठाऊक नसेल. (आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, संयोगिताची आई गेल्यावर पोरीला तिनंच वाढवलं.) नेम असा, की आपल्या चुलीवरची भाकरी गरम असेपर्यंत जिथं पोचता येईल तिथंच पोरगी द्यायची. त्यामुळं आमच्या पोरी कागल, फार तर हुपरीपर्यंत गेल्या. आजऱ्याचं स्थळ आक्कानं परदेश म्हणून परत पाठवलं. आणि तुम्ही औरंगाबादला! संयोगितानं राजवीरसाठी जेवण सोडलेलं, आक्का भाकरीवरनं हलायला तयार नाही, आणि मधे मी.

शेवटी कोल्हापुरात एका इंटरनेटच्या दुकानात गेलो. तिथं दोन विमानतळांची नावं दिली की संगणक अंतर आणि विमानाचा वेळ सांगतो. कोल्हापूर ते औरंगाबाद पावणेचारशे किलोमीटर, वेळ जेमतेम पाऊण तास! (घाट, पुण्यातली गर्दी, चहाचा थांबा, काही म्हणजे काही धरत नाही. फार मोठ्या मनाचं यंत्र.) कागद छापून आणला, आक्काला वाचून दाखवला. तिनं तो उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "मग दे की पोरगी. हुपरीपेक्षा जवळ पडतंय." आपली सुपारी फुटली ती या कागदावर.

इथवर झकास. पण परवा आक्का नवं लुगडं नेसून, फडक्यात गरम भाकऱ्या बांधून दारात उभी. विमानानं जाऊन पोरीचं घर बघून येऊ म्हणाली. जीप केली, उजळाईवाडीच्या विमानतळावर गेलो. (तिकीट आधी काढायचं असतं हे मला कोण सांगणार? एसटीत बसल्यावर काढतात.) फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आमचा कागद वाचला. "पावणं, ह्यात अंतर लिवलंय. विमान जातंय असं कुठं लिवलंय? औरंगाबादला हितनं विमानच न्हाय!" लग्न मोडलं असंच वाटलं. आक्का लांब जीपजवळ होती, तिला सांगितलं की विमान दुरुस्तीला गेलंय. तिनं फडकं सोडलं. भाकऱ्या आम्ही तिथंच बसून खाल्ल्या, पहारेकऱ्यासकट.

बाकी ठीक. थंडीत पोटाला जपा.

आपला,
हंबीरराव

ता. क. खरं काम हे. आक्काला फोन करून सांगा, की औरंगाबादचा विमानतळ लग्न होईपर्यंत दुरुस्तीला काढलाय. एवढं एक खोटं बोला. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे.

ता. क. (दुसरा) मोठ्यानं वाचत लिहायची माझी खोड, आणि आक्का पाठीमागं उभी! म्हणाली, "विमान न्हाय ते मला कवाच ठावं हाय. भावकीसमोर नेम मोडायला मला कागद पायजे हुता, तो तू आणलास. पोरगी लांब चाललीया ते काय मला कळत न्हाय व्हय? पण उपाशी पोरगी जवळ ठिऊन काय करू?" मग उजळाईवाडीला कशाला नेलंस असं मी विचारलं, तर म्हणे विमानतळ बघायचा ऱ्हायलाता. मी हसलो. ती रडायला लागली, मग मीही. तेव्हा व्याही, खोटं बोलू नका. आम्ही दोघं शुक्रवारी एसटीनंच येतोय. स्टँडवर घ्यायला या, आणि संयोगिताच्या नव्या घरात तिची खोली कुठली तेवढं आक्काला आधी दाखवा.