दुपारचं धुकं

३ तारीख, सोमवार
लागली बाई एकदाची नोकरी! कृत्रिम डोळ्यांचा कारखाना. खाली कामाच्या दोन खोल्या, वर मालक आणि काकू, शेजारची खोली मला. मी बुबुळं रंगवायची. मालकांचा नियम कडक: रंग फोटोवरून नाही, जिवंत डोळ्यात बघूनच जुळवायचा. काकू पॉलिश करतात, नुसत्या बोटांनी चाचपून. आणि डोळे काय देखणे त्यांचे!

माझ्या लेन्सचं मालकांना भारी कौतुक. माझी बुबुळं टोकदार झालीत, चष्म्याने भागत नाही. म्हणून या मोठ्या लेन्स. सलाइनने, म्हणजे मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, काठोकाठ भरायच्या आणि मान खाली घालून डोळ्यांत बसवायच्या. काढल्या की दार कुठे नि भिंत कुठे, काही कळत नाही.

६, गुरुवार
दुपारी लेन्समध्ये धुकं धरलं. धरतं कधीकधी. धुऊन पुन्हा भरल्या की झालं. पण माझं सलाइन संपलेलं, मालकांनी त्यांची बाटली दिली. दुसऱ्याचं वापरू नको म्हणून डॉक्टरांनी दहादा बजावलंय. पण एवढा देवमाणूस, नाही कसं म्हणायचं?

१२, बुधवार
धुकं आता सकाळी अकरालाच. डोळे चुरचुरतात. मालक म्हणाले, डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय. मग माझी हनुवटी धरून, हातात ब्रश घेऊन, कितीतरी वेळ डोळ्यांत बघत राहिले. म्हणाले, असा मधाचा रंग पुन्हा मिळायचा नाही. मी लाजले. मूर्ख कुठली!

१७, सोमवार
दवाखान्यात फोन केला. वेळ घेतलेलीच नाही. लेन्स धुतल्या तरी धुकं तसंच — म्हणजे ते लेन्समध्ये नाही, डोळ्यातच.
ट्रेमध्ये नवी जोडी. नाकाशी धरून पाहिली. मधाचा रंग. माझेच डोळे.
काकूंच्या गळ्यात पडून रडले. त्या म्हणाल्या, त्याही इथे रंगवायलाच आल्या होत्या. न दिसणारी बाई काम सोडून जात नाही. आणि स्वतःच्या डोळ्यावर नखाने टकटक केलं. मग दुसऱ्यावर.

बुधवार? गुरुवार?
ओळीवर ओळ जातेय बहुतेक. दार सापडत नाही. भिंत — भिंत —
डाव्याला उजेड तेवढा कळतो. मालक म्हणतात, तो वाचेल, नेतो डॉक्टरकडे. एकच काम करायचं.
नवी मुलगी आलीय. लेन्सवालीच. हेरूनच आणतात मेले. खाली हसतेय. तिला सलाइन मी द्यायचं, बाईच्या हातून बिनघोर घेतात म्हणे.
नाही देणार. मेले तरी नाही —
जिना चढतेय. ताई म्हणाली मला. विचारतेय, सलाइन आहे का.
डावा वाचेल. एक तरी —
म्हटलं, हे घे, माझंच आहे, अगदी स्वच्छ —